स्टारचा खोडवा किती वर्षं ठेवायचा?

सांगलीत आमचा रविवार सकाळचा फुटबॉलचा एक कंपू आहे. टीमला नाव नाही, जर्सी एकासारखी एकाची नाही, आणि दर वेळी बावीस जण जमतातच असंही नाही. या कंपूत एक सर आहेत. वय एक्केचाळीस. पंधरा वर्षांपूर्वी सरांचा डावा पाय म्हणजे विषय संपला. अजूनही बॉल बॉक्समध्ये त्यांच्या पायाशी आला तर समोरच्या गोलकीपरनं जाळ्यातून बॉल काढायची तयारी ठेवावी. भानगड होते ती बॉल गेल्यावर. समोरच्यानं तो हिसकावला की सर कमरेवर हात ठेवून उभे राहतात, आणि मागे पळायचं काम उरलेल्या दहा जणांचं. गेल्या महिन्यात मिरजेच्या पोरांनी आम्हाला पाच गोल घातले. नंतर चहाच्या गाड्यावर कुणीतरी खालच्या आवाजात म्हणालं, "सरांना आता सांगाय पाहिजे." शेजारचा म्हणाला, "मग सांग की." दोघंही मुकाट्यानं चहा पिऊ लागले.

आमच्या गाड्यावर अडलेला हा प्रश्न माद्रिद, म्युनिक आणि मँचेस्टरमध्येही तसाच अडतो. फरक एवढाच की तिथे त्यात कोट्यवधी युरो अडकलेले असतात. वय झालेल्या हिरोला कधी सोडायचं? वरवर पाहता हा मनाचा प्रश्न वाटतो, आणि आहेही. पण त्याच्या पोटात शरीराचं, पैशाचं आणि टीमच्या रचनेचं अशी वेगवेगळी गणितं आहेत, आणि त्यांची उत्तरं एकमेकांशी जुळतीलच असं नाही.

त्याच आठवड्यात वाळवा तालुक्यातल्या गावी जाणं झालं. ऊस नुकताच तुटून गेला होता. तात्या, म्हणजे माझे चुलते, रानात उकिडवे बसून बुडखी बघत होते.

"तात्या, खोडवा ठेवणार काय?"

"बघतोय की. वरच्या अंगाला फुटवा येईल चांगला. खालच्या अंगाला मात्र लई नांग्या पडणार."

ज्यांचा उसाशी संबंध फक्त रसाच्या गुऱ्हाळापुरता आहे त्यांच्यासाठी सांगतो. ऊस तोडला तरी जमिनीतलं बुडखं जिवंत असतं. त्याला पुन्हा फुटवे येतात. त्या दुसऱ्या पिकाला खोडवा म्हणतात, आणि तो तोडून पुन्हा राखला तर निडवा. खोडव्याला नांगरट नाही, बेणं नाही, लागणीची मजुरी नाही, आणि तो लागणीच्या उसापेक्षा लवकर तयार होतो. पण एकरी टनेज बहुधा कमी पडतं, आणि जिथलं बुडखं मेलं तिथे मोकळी जागा राहते. ती नांगी. नांग्या वेळेत भरल्या नाहीत तर खोडवा परवडत नाही. म्हणून ऊसवाल्याला दर तोडीनंतर ठरवावं लागतं की राखायचं की नांगर घालायचा.

मला तात्यांची एक गोष्ट लक्षात राहिली. मागच्या वर्षी या रानानं किती टन दिला, हे ते बोललेच नाहीत. ते खाली बसून बुडखी बघत होते. फुटबॉल क्लबांचे निम्मे घोळ इथेच होतात. ते मागच्या वर्षीचं टनेज बघून पुढच्या तीन वर्षांचा पगार ठरवतात.

आधी काय जातं?

खेळाडू "म्हातारा झाला" असं आपण एका दमात म्हणतो, पण शरीर एका दमात म्हातारं होत नाही. फुटबॉलच्या एका मॅचमध्ये मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू, साधारण दहा ते बारा किलोमीटर अंतर कापतो. त्यातलं बहुतेक चालणं आणि हळू धावणं असतं. पूर्ण वेगानं मारलेल्या धावा त्यात थोड्याच, पण मॅच ठरते ती त्यांच्यावर. बचाव करणाऱ्याच्या मागे पळायचं, हुकलेला माणूस गाठायचा, बॉल सुटल्यावर पहिल्या तीन पावलांत पुढे जायचं. तिशीनंतर आधी कमी होऊ लागतो तो हा झटका. दम त्यामानानं बराच टिकतो. बॉलवरचा हात, म्हणजे पायच म्हणायला हवं, तो तर शेवटपर्यंत टिकतो. आणखी एक गोष्ट बाहेरून दिसत नाही, ती म्हणजे थकवा भरून यायला लागणारा वेळ. तेविशीतला पोरगा रविवारी खेळून बुधवारी ताजा असतो. पस्तिशीतल्याला शनिवार उजाडतो, आणि मधेच खेळवला तर मांडीचा मागचा स्नायू धरतो.

त्यामुळे सगळ्या जागांना वयाचा एकच काटा लावता येत नाही. वेगावर पोट असलेला विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेनं पळणारा, सगळ्यात आधी उतरणीला लागतो. मध्यभागी उभा राहून पास देणारा उशिरा. सेंटर बॅक, म्हणजे गोलसमोरचा बचावपटू, आणखी उशिरा, जर त्याला जागा ओळखता येत असेल तर. गोलकीपरचं तर वेगळंच आहे. इटलीनं १९८२ चा वर्ल्ड कप जिंकला तेव्हा कप्तान आणि गोलकीपर डिनो झॉफ चाळीस वर्षांचा होता. इटलीच्याच गोलकीपर बुफॉननं २०२३ मध्ये हातमोजे उतरवले तेव्हा त्याचं वय होतं पंचेचाळीस. तेव्हा "पस्तीस झाले, काढा" हा नियम म्हणजे आडसाली, सुरू (दोन वेगवेगळ्या हंगामातल्या लागणी) आणि खोडवा यांना एकाच तारखेला कोयता लावण्यासारखं आहे.

गोल मोजून फसायला होतं

आता सगळ्यात अवघड भागाकडे येतो. माझ्या मते क्लब आणि प्रेक्षक दोघंही इथेच फसतात.

क्रिस्तियानो रोनाल्डो २०२१ च्या ऑगस्टमध्ये मँचेस्टर युनायटेडला परतला. वय ३६. त्या हंगामात त्यानं सगळ्या स्पर्धा मिळून २४ गोल केले, त्यातले १८ प्रीमियर लीगमध्ये. छत्तिसाव्या वर्षी हा आकडा म्हणजे कमालच. पण टीमकडे बघा. त्याच्या आदल्या हंगामात, तो नसताना, युनायटेड ७४ गुणांनी दुसऱ्या नंबरावर होती आणि लीगमध्ये तिचे ७३ गोल झाले होते. तो आल्यावर ५८ गुण, सहावा नंबर, ५७ गोल केले आणि ५७ खाल्ले. हिरोचे गोल वाढले, घरचे घटले.

युव्हेंटसचंही असंच झालं होतं. रोनाल्डो येण्याआधीच्या हंगामात, २०१७-१८ मध्ये, त्यांनी इटालियन लीगमध्ये ८६ गोल केले होते. तो आल्यावरचे तीन हंगाम: ७०, ७६, ७७. या काळात तो स्वतः धो धो गोल करत होता. युव्हेंटससाठी १३४ सामन्यांत १०१.

लगेच "सगळा दोष त्याचा" म्हणू नका. युनायटेडचा त्या वर्षी कोच बदलला, बचाव गळत होता, आणि युव्हेंटसचेही कोच बदलत राहिले. पण आकड्यांच्या मागचं यंत्र समजून घेण्यासारखं आहे. आजचं फुटबॉल म्हणजे बॉल गेला की पुढच्याच फळीनं समोरच्याच्या अंगावर जाऊन तो परत मिळवायचा. अकरांपैकी एक जण उभा राहिला तर समोरच्याला त्या बाजूनं मोकळा रस्ता मिळतो. तो रस्ता बुजवायला मिडफिल्डर आपली जागा सोडून सरकतो, त्याची जागा भरायला मागचा सरकतो, आणि साखळी शेवटी गोलकीपरपर्यंत जाते. दुसरं म्हणजे सगळे पास हिरोकडे जाऊ लागतात. जो दुसरा पोरगा दहा गोल करू शकला असता तो चारवर अडकतो, आणि आपल्याला वाटतं, बाकीच्यांत दम नाही, बरं झालं हिरो आहे.

थोडक्यात, "तो किती गोल करतो?" हा प्रश्न सोपा आहे, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा असा: त्याच्यापायी बाकीच्या दहांना काय काय सोडावं लागतं? आमच्या सरांनी मिरजेविरुद्ध दोन गोल केले होते. आम्ही ती मॅच ५-२ नं हरलो.

आणि हाच हिशेब उलटाही लागतो. २०२२ चा कतारचा वर्ल्ड कप आठवा. मेस्सी ३५ वर्षांचा. मॅचमध्ये बराच वेळ तो चालत असतो, हे टीव्हीवरही दिसतं. तरी अर्जेंटिना जिंकली, मेस्सीनं ७ गोल केले आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. कोच स्कालोनीनं टीमच अशी बांधली होती की डी पॉलसारखे मिडफिल्डर मेस्सीच्या वाटणीचंही पळतील. किंमत तिथेही मोजावी लागत होती, पण ती आधी ठरवून, बाकीच्यांच्या संमतीनं, आणि मोबदला वसूल होईल एवढीच मोजली गेली. त्याच स्पर्धेत पोर्तुगालच्या कोचनं ३७ वर्षांच्या रोनाल्डोला स्वित्झर्लंडविरुद्ध बाकावर बसवलं. त्याच्या जागी आलेल्या गोन्सालो रामोसनं तीन गोल केले, पोर्तुगाल ६-१ नं जिंकली. सगळं जग म्हणालं, बघा, आधीच काढायला हवा होता. पुढच्या मॅचला तो पुन्हा बाकावर, आणि मोरोक्कोकडून १-० नं हार. एका मॅचवरून कुणाचा खोडवा मोडू नये, हे पटायला चार दिवसही लागले नाहीत.

पैशाचं गणित

हा भाग कोरडा आहे, पण तो कळल्याशिवाय "एवढ्या मोठ्या खेळाडूला फुकट कसं सोडलं?" हे कोडं सुटत नाही.

बेल्जियमचा झ्याँ-मार्क बोसमन कोर्टात गेला आणि युरोपच्या न्यायालयानं १५ डिसेंबर १९९५ ला निकाल दिला. करार संपला की खेळाडू मोकळा, जुन्या क्लबला एक पैसाही मिळणार नाही. तेव्हापासून खेळाडूची विक्रीची किंमत म्हणजे बर्फाची लादी झाली. कराराची चार वर्षं उरली असतील तर भाव जोरात, एक वर्ष उरलं तर पाणी गळायला लागलेलं, आणि शेवटच्या सहा महिन्यांत तर तो परदेशी क्लबशी आधीच बोलणी पक्की करू शकतो. पोराच्या बाबतीत क्लब करार वाढवून लादी पुन्हा फ्रीजमध्ये ठेवतो. तेहतिशीतल्याचा करार वाढवायचा म्हणजे त्याच्या सदतिसाव्या वर्षाचा पगार आज कबूल करायचा. इथे क्लबच्या घशाला कोरड पडते.

दुसरं म्हणजे घसारा. ट्रॅक्टर घेतला की त्याची किंमत वहीत एका वर्षात टाकत नाहीत, वर्षांवर वाटतात. खेळाडूच्या खरेदीचंही तसंच, किंमत कराराच्या वर्षांवर वाटली जाते. युव्हेंटसनं २०१८ मध्ये ३३ वर्षांच्या रोनाल्डोसाठी १० कोटी युरो मोजले, चार वर्षांचा करार केला. म्हणजे वर्षाला अडीच कोटी घसारा, वर पगार वेगळा. तीन वर्षांनी विकताना हाती आले दीड कोटी युरो आणि काही अटींचे पैसे. ज्या चॅम्पियन्स लीगसाठी, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेसाठी, हा सगळा घाट घातला, तिच्यात त्या तीन वर्षांत उपांत्यपूर्व फेरीच्या पुढे जाता आलं नाही. आयाक्स, लियाँ आणि पोर्टोनं त्यांना घरी पाठवलं.

आता हाच सौदा दुसऱ्या बाजूनं बघा. रिआल माद्रिदनं रोनाल्डोला २००९ मध्ये सुमारे ९ कोटी ४० लाख युरोंना घेतलं. नऊ हंगाम, ४३८ सामने, ४५० गोल, चार चॅम्पियन्स लीग. आणि विकला तेव्हा घेतल्यापेक्षा जास्त पैसे आले! खिल्लारी बैल नऊ वर्षं शर्यतीत पळवून वर मूळ किमतीपेक्षा जास्तीला विकला, असं आमच्याकडे कुणी सांगितलं तर लोक त्याच्या तोंडाचा वास घेतील.

पगाराचा मुद्दा असा की तो कामगिरीच्या मागून चालतो. खेळाडूला सगळ्यात मोठा पगार मिळतो तो त्यानं सगळ्यात मोठं काम केल्यानंतर, आणि तोवर तो उतरणीला लागलेला असतो. खोडव्याची उपमा इथे मोडते, हे कबूल करायला हवं. खोडवा लागणीपेक्षा स्वस्त पडतो. फुटबॉलमधला खोडवा लागणीपेक्षा महाग असतो. बार्सिलोनानं २०२१ मध्ये मेस्सीला सोडलं ते तो म्हातारा झाला म्हणून नव्हे. क्लबचं कर्ज अब्ज युरोंच्या वर गेलं होतं, आणि लीगच्या खर्चमर्यादेत त्याचा करार बसेना. तो रडत रडत गेला आणि दीड वर्षात वर्ल्ड कप घेऊन उभा राहिला.

पगार आणि भूमिका दोन्ही एकदम छाटता आल्या तर मात्र म्हातारा खेळाडूही परवडतो. आपल्याकडचं उदाहरण क्रिकेटमधलं आहे. आयपीएल २०२५ साठी चेन्नईनं धोनीला चार कोटी रुपयांत राखलं. पण तो नवव्या नंबरावर बॅटिंगला आला तेव्हा आमच्या घरी टीव्हीसमोर जे काही बोललं गेलं ते इथे लिहिता येणार नाही.

गळा शाबूत असेल तर

माझे आजोबा नाटकवेडे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथे "सीता स्वयंवर" केलं, तेव्हापासून सांगलीला नाटक अंगात भिनलेलं, त्यातले ते. बालगंधर्वांबद्दल बोलताना आजोबा सांगायचे, उतारवयातही ते लुगडं नेसून उभे राहायचे तेव्हा नवी पोरं हसायची, आणि जुनी माणसं डोळे मिटून घ्यायची. मिटल्या डोळ्यांनी गाणं ऐकलं की सगळं तसंच होतं. रूप गेलं होतं, गळा होता.

फुटबॉलमध्ये हाच प्रश्न विचारायचा असतो. नेमकं काय गेलंय आणि काय शिल्लक आहे? आणि शिल्लक आहे त्यावर भागेल अशी भूमिका टीममध्ये आहे का?

मिडफिल्डर लुका मॉड्रिच २०१८ मध्ये बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, जिंकला तेव्हा ३३ चा होता. रिआल माद्रिदनं त्याला एकदम चार वर्षांचा करार दिला नाही. नंतरच्या काळात दर वर्षी एक वर्ष, तात्यांच्या रानासारखं, तोड झाली की बुडखी बघायची. मॅचचा पूर्ण वेळही कमी करत नेला. या रीतीनं तो जवळजवळ चाळिशीपर्यंत टिकला, आणि २०२२ व २०२४ च्या चॅम्पियन्स लीग विजयांत होता. २०२५ मध्ये तो मिलानला गेला. त्याच माद्रिदनं सर्जिओ रामोसलाही २०२१ मध्ये एकच वर्ष देऊ केलं. त्याला दोन हवी होती. घासाघीस करता करता मुदत टळली, आणि सोळा वर्षांचा संबंध एका वर्षावरून तुटला. एक वर्षाचा करार क्लबला सोयीचा असतो, पण ज्यानं दीड दशक अंग झिजवलं त्याला तो मासिक भाड्यानं राहिल्यासारखा वाटतो. दोघांचंही बरोबर असतं, म्हणून तर अशा ताटातुटी कडू होतात.

थोड्या डोसात वापर करण्याचा सगळ्यात गोड नमुना कॅमेरूनचा रॉजर मिला. १९९० च्या वर्ल्ड कपला वय ३८. सुरुवातीला बाकावर, समोरचे दमले की मैदानात. या बेतात त्यानं चार गोल केले आणि कॅमेरून उपांत्यपूर्व फेरीत गेली. पण त्यासाठी हिरोला बाकावर बसायला पटावं लागतं. बहुतेकांना पटत नाही. ज्या हट्टानं माणूस हिरो होतो तोच हट्ट त्याला बाकावर बसू देत नाही.

घाईत नांगर घातला तर

वरचं वाचून वाटेल की लवकर सोडलेलं बरं. थांबा.

एसी मिलाननं २०११ मध्ये ३२ वर्षांच्या आंद्रेआ पिर्लोला फुकट जाऊ दिलं. दुखापती होत होत्या, पळणं कमी झालं होतं. तो युव्हेंटसला गेला, बचावाच्या पुढे उभा राहून पास देऊ लागला, आणि युव्हेंटसनं पुढची चारही वर्षं लीग जिंकली. पॅरिसच्या पीएसजी क्लबनं २०२० मध्ये ३५ वर्षांचा बचावपटू थियागो सिल्व्हाचा करार वाढवला नाही. पुढच्याच मे महिन्यात तो चेल्सीकडून चॅम्पियन्स लीग जिंकला, आणि चेल्सीत चार हंगाम राहिला. मँचेस्टर युनायटेडचे जुने कोच सर अॅलेक्स फर्ग्युसन हे हिरो सोडण्यातले उस्ताद मानले जातात. बेकहॅम, कीन, व्हान निस्टलरॉय, सगळ्यांना त्यांनी वेळेवर वाट दाखवली. पण २००१ मध्ये त्यांनी बचावपटू याप स्टॅमला २९ व्या वर्षी विकलं आणि त्याच्या जागी ३५ वर्षांच्या लोराँ ब्लाँला आणलं. ती चूक होती हे पुढे त्यांनीच मान्य केलं.

या तिघांत काय सारखं आहे? पिर्लो, सिल्व्हा, स्टॅम, तिघांचाही धंदा नुसत्या वेगावर नव्हता. डोक्यावर होता. क्लबनं बघितलं वय किंवा दुखापत.

उशीर केल्याचं जुनं उदाहरण लिव्हरपूलचं. त्यांचे कोच बिल शँकलींनी साठच्या दशकात उभी केलेली टीम त्यांच्या इतकी जिव्हाळ्याची होती की तिला हात लावायला त्यांचं मन होईना. १९६६ च्या लीगनंतर मोठं काही जिंकता येईना. फेब्रुवारी १९७० मध्ये एफए कपात खालच्या डिव्हिजनच्या वॉटफर्डनं त्यांना १-० नं हरवलं, आणि मग मात्र त्यांनी एका झटक्यात जुने मोहरे बाजूला केले. पुढची लीग आली १९७३ मध्ये. मोडायला तीन-चार वर्षं उशीर, आणि नवं उभं राहायला पुन्हा तीन.

नांग्या आधी भरा

माझ्या मते सगळं इथे येऊन ठेपतं. हिरोला कधी सोडायचं याचं निम्मं उत्तर हिरोकडे बघून मिळतच नाही, ते शेजारच्या सरीत काय उभं आहे त्यावरून मिळतं.

रोनाल्डो गेल्यावर रिआल माद्रिदचे लीगमधले गोल एका हंगामात ९४ वरून ६३ वर आले. वर्ष वाईट गेलं. पण सावली हटल्यावर त्याच सरीतला करीम बेन्झेमा वाढला. आदल्या लीगमध्ये ५ गोल, आता २१. तो तेव्हा तिशीचा होता, म्हणजे वारसदार पोरगाच असावा असंही नाही. आणि अठरा वर्षांचा विनिसियस त्याच उन्हाळ्यात दाखल झाला होता, त्याचा सौदा वर्षभर आधीच झालेला. २०२२ ची चॅम्पियन्स लीग या दोघांच्या जोरावर आली. रोप आधी पिशवीत तयार होतं, म्हणून नांगी भरली.

बायर्न म्युनिकनं उलटं केलं. २०२२ मध्ये रॉबर्ट लेवांडोव्स्कीच्या कराराचं एक वर्ष उरलं होतं, वय ३३. साडेचार कोटी युरो आणि वरच्या अटींवर तो बार्सिलोनाला विकला. वहीत सौदा झकास. पण त्याच्यासारखा दुसरा सेंटर फॉरवर्ड, म्हणजे पुढे उभा राहून गोल करणारा, घरात नव्हता. त्या हंगामात बायर्ननं लीग जिंकली ती शेवटच्या दिवशी, डॉर्टमुंडशी गुण सारखे होऊन, निव्वळ गोलफरकावर. तिकडे लेवांडोव्स्की २३ गोल करून स्पेनमध्ये अव्वल ठरला आणि बार्सिलोना चॅम्पियन झाली. पुढच्या उन्हाळ्यात बायर्ननं ३० वर्षांच्या हॅरी केनसाठी दहा कोटींच्या आसपास मोजले.

आणि आपलं घर? सुनील छेत्रीनं ६ जून २०२४ ला कोलकात्यात कुवेतविरुद्धच्या ०-० बरोबरीनंतर भारताकडून निवृत्ती घेतली. ९४ गोल, वय ३९. भारतानं २०२४ या अख्ख्या वर्षात एकही मॅच जिंकली नाही. मार्च २०२५ मध्ये चाळिशीतल्या छेत्रीला परत बोलावलं. शिलाँगला मालदीवविरुद्ध ३-० नं जिंकलो, आणि एक गोल त्याचाच. आपण टाळ्या वाजवल्या. वाजवायलाच हव्या होत्या, कारण आयएसएलच्या, म्हणजे आपल्या देशातल्या क्लबांच्या लीगच्या, त्या हंगामात १४ गोल करून भारतीयांमध्ये अव्वल तोच होता. पण ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरनं आपल्याला २-१ नं हरवलं आणि २०२७ च्या आशियाई कपाची वाट बंद झाली.

छेत्रीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. तो सगळ्यात चांगला होता म्हणून खेळला. प्रश्न शेजारच्या सरीचा आहे. आयएसएलचे क्लब गोल करायच्या जागेवर बहुधा परदेशी खेळाडू उभा करतात, कारण त्यांना याच रविवारी जिंकायचं असतं. भारतीय पोरगा मग विंगवर सरकतो किंवा बाकावर बसतो. वीस वर्षं एकच बुडखं फुटत राहिलं, त्याच्या भरवशावर कुणी बेणंच टाकलं नाही. मोठ्या क्लबला पैसे देऊन केन आणता येतो. देशाला सेंटर फॉरवर्ड बाजारात मिळत नाही.

तात्यांनी शेवटी वरचं दीड एकर खोडव्याला ठेवलं, खालच्या एकरात नांगर घातला. वरच्याही नांग्या भरायला पिशवीतली रोपं महिनाभर आधीच सांगून ठेवली होती. मी म्हटलं, "म्हणजे आधीच ठरवलं होतंसा की." ते म्हणाले, "तोड झाल्यावर रोपं शोधाय गेलं तर कोण देतंय?"

राहिले आमचे सर. गाड्यावर चिठ्ठ्या टाकल्या आणि माझं नाव निघालं. भडंगचा पुडा घेऊन संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. सर गुडघ्याला बर्फ लावून बसले होते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी युनायटेडच्या ५७ गोलांपासून सुरुवात केली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, भडंग खाल्लं, आणि म्हणाले, "पिर्लोलाबी असंच सांगितलं होतं न्हवं?"

पुढच्या रविवारी ते पुढे गेलेच नाहीत. बचावाच्या पुढे जाऊन उभे राहिले आणि तिथूनच हात करून सगळ्यांना कुठे पळायचं ते सांगू लागले. पुढे एकवीस वर्षांचा एक पोरगा खेळला, जो आजवर लाइनवरून बॉल आणून द्यायचा. मॅच ३-३ सुटली. आमचे दोन गोल सरांच्या पासवर झाले. आम्ही खाल्लेल्या तीन गोलांच्या वेळी सर नेमके कुठे होते, यावर गाड्यावर अजून वाद चालू आहे.